म्हणे कॅथेड्रल!

काकांना साधी गोष्ट साधी सांगता येत नसे. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या आपल्या दोन खोल्यांना ते 'बंगला' म्हणत, आणि जवळच्या पॅसिफिकमधल्या बेटावरच्या पत्र्याच्या चर्चला 'कॅथेड्रल'. म्हणे कॅथेड्रल! आमच्या पुण्याच्या सोसायटीतला गणपतीचा मांडव त्याहून मोठा असतो. आम्ही त्यांचं नावच कॅथेड्रलकाका पाडलं.

त्सुनामीनंतर त्या बेटावर चार-पाच म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या. चर्चमधला चिखल उपसायला काका आम्हा सेंदाईतल्या मराठी पोरांना बोटीने घेऊन गेले. आम्ही फावडी मारतोय आणि हे महाशय दारात उभे! "अरे, तो कोपरा राहिला!" स्वतः वसईचे कॅथलिक, पण झाडूला हात लावतील तर शपथ. म्हाताऱ्यांनी केलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताच्या मुटकुळ्या, मात्र आधी यांच्या पोटात. वर म्हणायचे, "एवढ्या प्रेमानं देतात, नाही कसं म्हणू?"

मग कळलं, माणसं येत नसतील तर चर्च बंद होणार. नाताळच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मोठे फादर बघायला येणार होते. म्हाताऱ्या रडकुंडीला आल्या. एकत्र बसायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. काकांनी छाती ठोकली. "काळजी सोडा. कॅथेड्रल भरून दाखवतो!"

भरलं कोणी? आमच्या सेंदाईच्या गणेशोत्सव मंडळाने. तिथल्या रीतीप्रमाणे दारात बूट काढून सगळे जोशी-कुलकर्णी बायकापोरांसह बाकांवर बसले. फादर पवित्र भाकर वाटू लागले. ती फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायची, हे या गृहस्थाने आधी सांगायला नको? जोशीवहिनी रांगेत गेल्या, उजव्या तळव्याखाली डावा हात धरून. भाकर कपाळाला लावली आणि जपानीत म्हणाल्या, "अजून एक द्या ना, घरी सासूबाई आहेत." फादरांना काय ते उमगलं. काका छताकडे बघत होते.

वसंतात चर्चला कुलूप लागलं. या माणसाने तोंड लपवावं की नाही? उलट आम्हालाच ऐकवलं, "तुमच्यामुळे माझं कॅथेड्रल गेलं!" मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

सेंदाई सोडण्याआधी एका रविवारी म्हाताऱ्यांचा निरोप घ्यायला बेटावर गेलो. कुलूपबंद दारापुढच्या पायऱ्यांवर त्या दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मधोमध काका, वसईकडचं मराठी भक्तिगीत गात. बूड कुणाच्या तरी उशीवर, हातात ओनिगिरी, गळा तोच भसाडा. चर्च बंद झाल्यापासून दर रविवारी येतात, एक म्हातारी म्हणाली. मला बघून ते मध्येच थांबले आणि खेकसले, "ये, बस. पण बूट काढ आधी. कॅथेड्रल आहे हे!"

उघड्या पायरीवर! मनातल्या मनात त्यांना एक सणसणीत शिवी घातली आणि बूट काढले.