काठावर कोण बसणार?

"जावईबापू, गाईड न्हाई म्हनता. मग काठावर कोन बसनार हाय?"

वालूरच्या मळ्यात, विहिरीच्या कठड्यावर बसून सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, हे विचारलं तेव्हा बालीची तिकिटं काढून झाली होती. मी आणि मेहुणा सुधाकर गेल्या वर्षी अंदमानात डायव्हिंग शिकलो. तेव्हापासून डोक्यात एकच होतं: हवेची टाकी भाड्याने घ्यायची, किनाऱ्यावरून चालत समुद्रात शिरायचं आणि आपणच परत यायचं. सुधाकर तात्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला नीट परत आणायचं काम माझ्याकडे होतं.

परभणीहून रेल्वेने मुंबई, तिथून विमान, मग टॅक्सीने तीन तास. ईशान्य किनाऱ्यावरचं हे गाव काळ्या गोट्यांचं. सामान घेऊन चालताना पाय मुरगळतो, जाड तळाचे बूट घ्या. उतरलो त्या घराची मालकीण साठीची. तिला सगळे 'इबू' म्हणतात, म्हणजे आई. नाश्त्याला तळलेली केळी. जेवणातला मिरचीचा ठेचा जरा गोड. सुधाकरने पहिल्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली.

टाकीवाल्याने आधी एक डाइव्ह गाईडबरोबर करायला लावली. नवख्यांनी ती कराच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच. आमच्याकडे विहिरीवर चपला दिसल्या की आत माणूस आहे हे कळतं. उशीर झाला तर कुणीतरी हाक मारतंच. त्याच भरवशावर झाडाखाली चपला ठेवल्या आणि कुणाला न सांगता उतरलो. विहिरीचं पाणी माणसाला कुठे नेत नाही, समुद्राचं नेतं. इथे प्रवाहाबरोबर मजेत गेलो आणि परतताना पाय मारून थकलो. शेवटी वर आलो तेव्हा चपला अर्धा किलोमीटर मागे. पाठीवर टाकी, डोक्यावर ऊन.

"लय शाने आपन," सुधाकर म्हणाला.

"तुम्ही पाण्यात आहात हे कुणाला माहीत होतं?" चपलांपाशी पोचलो तेव्हा तिथे आलेल्या इबूने मोडक्या इंग्रजीत विचारलं. सुधाकरने चपलांकडे बोट दाखवलं. ती हसली आणि तिने किनारा दाखवला: वीसेक जोड विखुरले होते. "इथे सगळेच काढून ठेवतात. मला वेळ सांगा."

मग बेत नव्याने आखला. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, म्हणजे परतताना तोच आणून सोडतो. बारा मीटरखाली जायचं नाही. टाकीतला दाब दोनशेचा एकशेवीस झाला की मागे फिरायचं. बाहेर यायची वेळ इबूच्या पाटीवर. पंधरा मिनिटं उशीर झाला तर ती होडीवाल्या भावाला शोधायला पाठवणार.

चौथ्या दिवशी कासव दिसलं. अगदी हाताशी, संथ, आणि खोल पाण्याकडे निघालेलं. मी पुढे बोट केलं. सुधाकरने माझ्यासमोर दाबाचा काटा धरला: एकशेवीस. क्षणभर राग आला. मग वळलो. वर आलो तर समोरच चपला, आणि गोट्यांवर बसून शेंगा सोलणारी इबू.

"चार मिनिटं लवकर," ती म्हणाली.

शेवटचा दिवस कोरडा ठेवला. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये.

वालूरला तात्यांनी मोबाइलवरचे प्रवाळ, मासे भराभर पुढे ढकलले आणि एका फोटोवर थांबले.

"ही कोन?"

"इबू. आम्ही पाण्यात असलो की काठावर बसायची."

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"मग जावा की पुन्यांदा. पर आधी तिला इचारा, बसायला येळ हाय का."