जिल्दसाज चाचांच्या वह्या

विलायतेत कापसाला भाव चढला आणि अमरावतीत आमची वांग्या-मेथीची बाग गेली. मालकाने थेट विहिरीपर्यंत कापूस पेरला. आम्ही दुसऱ्याच्या जमिनीत भाजी पिकवणारे माळी. बाप गाठी वाहू लागला, आई सरकी निवडायला जाऊ लागली. अशात शाळेत मास्तर म्हणाले, "उद्यापासून पाटी चालायची नाही. वही आणेल तो बसेल, बाकीच्यांनी घरी राहावं." मुंबईहून येणारा कागद आम्हाला झेपणारा नव्हता. माझी शाळा तिथेच संपत होती.

आईने मला राजापेठेकडच्या जिल्दसाज चाचांकडे पाठवलं. निजामाच्या अमलात कचेरीची फारसी दप्तरं शिवून बांधणारा हा माणूस. इंग्रजांचा अंमल आला, कचेरीत मराठी आली आणि जुनी दप्तरं रद्दीत निघाली. ती रद्दी चाचांनी आपल्या खोलीत आणून रचली होती. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद कोणाच्या हातचा ते लांबून सांगत. "हे बडे मुन्शीचं. हैदराबादले गेले, आले नाई. हे छोट्या मुन्शीचं. तो मेला." गावात त्यांची एवढीच, कागदावरची माणसं उरली होती.

लिहिलेली बाजू आत ठेवून ते कागद दुमडत आणि उघडी कड शिवत, म्हणजे पान दोन्हीकडून कोरं. "आत मुन्शी झोपून रायतीन, वर तू लिही." गाव कापसाने भरलेलं, पण शिवायला सूत मिळेना, सगळा कापूस मुंबईकडे चाललेला. चाचांनी अंबाडीचा दोरा वळला.

वही घेऊन मी ऐटीत शाळेत गेलो, तर शिवण उजवीकडे. पोरं म्हणाली, "काहून बे, जेवतं तरी सरळ का?" मास्तरांनी परत पाठवलं. चाचा शिवणीकडे बघत राहिले. "फारसी दप्तर उजवीकडून उघडते. चाळीस वर्सं असंच शिवलं. आता हात काय ऐकते?" त्यांनी टाके उसवले, पुन्हा घातले, सुई पुन्हा उजवीकडेच गेली. तिसऱ्या वेळी म्हणाले, "या कडेवर तुवा हात ठेव. उचलू नको." मी हात ठेवून बसलो, तेव्हा वही डावीकडून शिवली गेली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बसू दिलं.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी नवी वही. चाचांचा हात आता चुकत नव्हता. तरी ते म्हणत, "हात ठेव." आणि सुई फार सावकाश चालवत. मला खेळायची घाई असे. "चाचा, आता तुमाले येते ना," असं म्हणून एकदा मी हात काढून पळालो. पुढे त्यांनी कधी हात ठेवायला सांगितलं नाही. वही तयार करून उंबऱ्यात ठेवून देत.

मॅट्रिक झालो. पुढे शिकायला बडनेऱ्याला गाडी धरून मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी चाचांना भेटायला गेलो.

"तिकडं वह्या इकत भेटतीन?"

"भेटतीन, चाचा."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि पुन्हा कागद लावू लागले. आपण दुसरं काही बोलायला हवं होतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

बी. ए.च्या परीक्षेचा निकाल घेऊन परतलो, तेव्हा चाचांच्या खोलीत छतापर्यंत कापसाच्या गाठी होत्या. शेजारची बाई म्हणाली, "उन्हाळ्यात गेले बाप्पा. जवळ कोनी नोतं."

मी बी. ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणाला स्वतःची सहीही करता येत नव्हती.