वेगळं ताट

अनसिंगच्या बाजारातून मी स्वतःसाठी एक स्टीलचं ताट आणि पेला विकत आणला, तेव्हा मोठं शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं होतं.

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मुंबईत केटरिंगवाल्याकडे भांडी घासता घासता सोबतच्या पोरांच्या नादाने सुईच्या नशेला लागलो. सुई ज्याची त्याची, म्हणून आम्ही स्वतःला हुशार समजायचो. नशा विरघळवायचं पाणी मात्र सगळ्यांचं एकाच झाकणातलं. नशा कशीबशी सुटली, पण जायला जागा नव्हती. तेव्हा केटरिंगच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर, माझा मित्र, मला आपल्या गावी घेऊन आला. तो नशेच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नव्हता. आता गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं.

"चाल आमच्या गावाले. तिथं तुले कोणी वळखत नाही, हेच तुहं औषध," म्हणाला.

घरात त्याची आई, बायको आणि रांगणारं लेकरू. मला पुढची खोली दिली, दुकानात काम दिलं. मी भाड्याचं नाव काढलं तर आई म्हणाली, "काहून पोरा, लॉजवर आला काय तू?" त्या घराचे उपकार मी कोणत्या तोंडाने सांगू!

थकवा जाईना म्हणून वाशिमला सरकारी दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, हेपेटायटिस सी निघाला. डॉक्टर समजावून सांगत होते. गोळ्या फुकट मिळतील, तीन महिन्यांत बरा होशील. रक्तातून पसरतो, म्हणून ब्लेड, ब्रश, नेलकटर वेगळं ठेव. सोबत जेवण्याने काही होत नाही. मी मान हलवत होतो. न कळताही मान हलवायची माझी शाळेपासूनची सवय. बाहेर आलो तेव्हा डोक्यात एवढंच घुमत होतं, वेगळं ठेव.

घरी सांगितलं, अशक्तपणाच्या गोळ्या आहेत. खरं सांगितलं असतं, तर आईसमोर आणि वहिनीसमोर सुईचंही सांगावं लागलं असतं. मित्राने त्यांना ते कळू दिलं नव्हतं.

मग ते ताट आलं. त्यातच जेवायचो, मीच घासायचो, माझ्याच खोलीत पालथं ठेवायचो. आईने आधी थट्टा केली. "हे काय, जावयाचं ताट हाये काय?" मी हसून वेळ मारून नेली. एकदा लेकरू रांगत येऊन माझ्या पेल्याला तोंड लावायला लागलं आणि मी तो हिसकावून घेतला. आई बघत होती. त्यानंतर थट्टा बंद झाली.

हळूहळू ती मला "तुमी" म्हणायला लागली. भाकरी ताटात ठेवायची ती वरून सोडायला लागली. पाण्याचा तांब्या उंच धरून पेल्यात धार धरायची. मला वाटलं, म्हातारीचा हात दुखत असेल.

एके दिवशी दुकानात मित्राने मशीन बंद केलं.

"माय इचारून राह्यली, तुह्या दोस्ताले आपलं भांडं चालत नाही काय? काय सांगू तिले?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली, तसा तो पुढे म्हणाला,

"माय लहानपणी तिच्या मायसंग लोकायच्या वावरात जाये. तिथं यायले पाणी असंच वरून वतत. मी म्हनलं, थो तसा नाही. त्यावरून आमचं बोलनं बंद हाये. आता तू सांग, तसा हायेस काय?"

त्यांचं घर बौद्ध आहे, मला माहीत होतं. पण माझ्या आडनावाच्या माणसाने या घरात ताट वेगळं ठेवलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे मनात आलंच नव्हतं. मला कशाला येईल? माझ्या घरात कुणाला कधी वरून पाणी मिळालं नव्हतं.

संध्याकाळी आई तूर निवडत होती. समोर बसून सगळं सांगितलं. सुई, आजार, गोळ्या. तिचा हात थांबला.

"जेवल्यानं होते काय थे?"

"नाही."

"डाक्टरनं सांगतलं?"

"हो."

"मंग ताट कायले?"

"भीती वाटली, आई. घरात लेकरू आहे."

"भेव तुले वाटला, अन् भोगलं म्या," ती म्हणाली. मग आतल्या दाराकडे बघून, "आता सुनेले तूच सांग. लेकराची माय हाये थे."

वहिनी दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. एवढंच विचारलं, "काय काय वेगळं ठेवा म्हनलं, भाऊजी, डाक्टरनं?"

"ब्लेड, ब्रश, नेलकटर…" आणि मी थांबलो.

आरशाजवळच्या खिळ्याला घरातलं एकच नेलकटर लटकत होतं. आल्यापासून मी त्यानेच नखं काढत होतो. वेल्डिंगच्या कामात नखं तुटायची, कधी रक्तही यायचं. वहिनी त्यानेच लेकराची नखं काढायची. तिने ते खिळ्यावरून काढलं आणि मुठीत धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळे वाशिमला गेलो. डॉक्टर म्हणाले, धोका कमी आहे, पण तपासून घेऊ. लेकराच्या दंडाला पट्टा बांधला तसा मी बाहेर पळालो. आतून नर्सचा आवाज आला, "घाबरू नका आजी."

"मी कायले घाबरू? भेनारा बाहेर जाऊन उभा राह्यला."

सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले. काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हाही चांगलेच आले. त्या दिवशी माझंही रक्त स्वच्छ निघालं.

परतताना गाडीत मी म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"रिपोट चांगले आले ना, झालं मंग."

मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तुले पानी वाढतानी माह्या मायचं तोंड दिसे मले. वंजळ धरून, वर पाहून राह्यलेली. इतक्या वर्सांत दिसलं नव्हतं."

तिने वहिनीकडून झोपलेलं लेकरू मागून घेतलं आणि पदराने त्याचं ऊन अडवत बसली.