फोनच्या कडेवरची खाच

मिस्त्री डोळे मिटून उत्तरं द्यायचे. सुनेच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात, दाराजवळच्या स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून ते बसत. गिऱ्हाईक आत आलं की सून काचेमागून मानही वर न करता म्हणे, "काही मोडलं असेल तर मला द्या. काही कळत नसेल तर बाबांना विचारा."

मग प्रश्न सुरू व्हायचे. फोन म्हणतो जागा भरली, तर काय काढू? बॅटरी दुपारीच का मान टाकते? जुने फोटो नव्या फोनात कसे न्यायचे? मिस्त्री डोळे मिटत आणि त्या फोनात शिरत.

जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. फोन त्यांना घरासारखाच दिसायचा. समोरच्या खोलीत ओळीनं टांगलेली चित्रं, तिच्यामागे लांब बोळ. जिन्याखालच्या खोलीत मीटर, मुख्य नळ आणि सगळ्या किल्ल्या, म्हणजे सेटिंग. फोटोंची खोली सगळ्यांत मोठी आणि कधीच कोणी न झाडलेली. भिंतींतून निळसर उजेड झिरपायचा. पावलांचा आवाज होत नसे. त्या घरातून हिंडत हिंडत ते बोलत. जागा फोटोंनी नाही भरली, लोकांनी पाठवलेल्या व्हिडिओंनी भरली आहे. मोठे आधी काढा आणि मग कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर केर घरातच राहिला. लॅपटॉप तापतो म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी एवढंच विचारलं की तो गादीवर ठेवून वापरता का. बाई हो म्हणाल्या. त्याचं नाक पोटाखाली असतं, टेबलावर ठेवा, असं सांगून ते पुढच्या घरात गेले.

फोनला मात्र हात लावत नसत. समोरच्यानं स्वतःच्या बोटानं करायचं, ते फक्त वाट सांगणार. लोकांना वाटे, हे तत्त्व आहे. खरं कारण साधं होतं. सिमेंटनं त्यांच्या बोटांची टोकं इतकी कोरडी आणि टणक झाली होती की काचेला ती बोटं वाटतच नसत. त्यांच्या खिशात बटणांचा जुना फोन असायचा. जगाला स्मार्टफोन शिकवतात आणि स्वतः डबडं वापरतात, असा टोमणा सून मारायची. ते म्हणत, "बंगले बांधले तेव्हा तरी मी कुठे बंगल्यात राहत होतो?"

एक दिवस सकाळी दारात आक्का उभी राहिली. मिस्त्रींची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती एकटी राहायची. पडदे शिवायच्या कारखान्यात तिची उमर गेली होती. आता तिच्या नजरेत मधोमध धुकं होतं आणि कडेकडेचा उजेड तेवढा उरला होता. ती भिंतीला बोटं लावून चालत यायची.

"धाकट्या," ती म्हणाली, "रात्रीत कोणीतरी माझं घर हलवलं."

तिनं फोन पुढे केला. हलवणारं कोण ते मिस्त्रींना लगेच कळलं. आदल्या दिवशी दुपारी आक्कानं फोन करून विचारलं होतं, अपडेट करायचं का विचारतोय, काय सांगू? दुकानात गर्दी होती. मिस्त्रींनी डोळे मिटूनच सांगितलं होतं, हो म्हण, टाळलं की तुंबतं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर होतं, आणि विचारणारी आक्का होती.

आक्का फोन नजरेनं चालवत नसे, जागेनं चालवायची. उजव्या खालच्या कोपऱ्यात अंगठा टेकवला की लेकीला व्हिडिओ कॉल लागायचा. त्याच्या शेजारी धाकटा. बास. आता त्या खालच्या कडेला एक नवी शोधायची पट्टी येऊन बसली होती आणि सगळी चित्रं वर सरकली होती. अंगठा टेकवला की लेक यायची नाही, अक्षरांचा ढीग यायचा.

यात काय अडकलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. लेक दूरच्या शहरात. आईनं एकटं राहू नये म्हणून ती भांडून भांडून थकली होती आणि शेवटी एका अटीवर गप्प बसली होती. रोज अंधार पडायच्या आत आईनं स्वतः व्हिडिओ कॉल करायचा, चेहरा आणि खोली दाखवायची. ज्या दिवशी आईला जमणार नाही, त्या दिवशी ती येऊन आईला घेऊन जाणार, मग वाद नाही. आक्कानं ते कबूल केलं होतं. लेक वाईट नव्हती. पण आक्का म्हणायची, तिथं मी पाहुणी, आणि पाहुणीला पाणीसुद्धा कोणीतरी आणून देतं.

सून काम बाजूला ठेवून उठली. तिनं फोनला बोलायला लावलं. आता बोट फिरवलं की फोन चित्रांची नावं सांगू लागला. आक्कानं थोडा वेळ ऐकलं आणि बंद करायला सांगितलं.

"घरात सतत बडबडणारं माणूस आलं की मला घर ऐकू येत नाही गं," ती सुनेला म्हणाली.

आणखी एक-दोन गोष्टी करून झाल्या. पट्टी हटेना. शेवटी मिस्त्री म्हणाले, चल, तुला घरी सोडतो, वाटेत बघू. वाटेत काही बघण्यासारखं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं.

दोघं गल्लीत शिरले. ऊन भिंतीवर अर्ध्यापर्यंत उतरलं होतं. आक्का पुढे, डाव्या हाताची बोटं भिंतीवरून सरकत होती. ही भिंत मिस्त्रींच्याच हातची. मध्येच आक्का थांबली आणि न चाचपडता उजवीकडे जिन्याकडे वळली.

"इथे वळायचं तुला कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"तुझा सांधा लागतो ना बोटाला. इथे तुझा दिवस संपला होता."

मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला. गिलावा एका दमात होत नाही. संध्याकाळ झाली की जिथे थांबावं लागतं तिथून दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा. त्या दोन दिवसांमध्ये एक रेघ राहते. ती दिसू नये म्हणून त्यांनी मनापासून घासलं होतं, आणि दिसत नव्हतीच. त्यांच्या स्वतःच्या बोटांना तर आता लागतही नव्हती. आक्काच्या बोटांना लागत होती. इतकी वर्षं ती त्यांच्या थांबलेल्या दिवसापाशी वळत होती.

ते तिथेच उभे राहिले. मग आक्काला म्हणाले, वर जा, मी आलो. दुकानात जाऊन त्यांनी सुनेची बारीक कानस घेतली आणि आक्काच्या फोनला बसतील अशी प्लास्टिकची दोन कव्हरं. दोन कशाला, असं सुनेनं विचारलं. पहिलं बिघडणार, असं ते म्हणाले.

आक्काच्या खोलीत खिडकीशी दोघं बसली. आधी चित्रं हलवायची होती. मिस्त्रींचं बोट काचेला चालत नव्हतं आणि आक्काचे डोळे चित्रांना पुरत नव्हते. म्हणून बोट तिचं आणि नजर त्यांची. सवयीनं त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच त्या निळसर घरात वाट चुकले. बोळ दुसरीकडेच निघत होता, जिना जागेवर नव्हता. आक्काला सकाळी कसं वाटलं असेल ते त्यांना आता कळलं. ते डोळे उघडून कामाला लागले.

लेकीच्या चित्रावर बोट दाबून धर, उचलू नकोस, असंच उजव्या कडेपर्यंत ने, आता सोड. चित्र निसटलं. पुन्हा. पुन्हा निसटलं. आक्का म्हणाली, तुझ्या हाताखालच्या पोरांचे काय हाल होत असतील. मिस्त्री म्हणाले, ती बोलत नसत. तिसऱ्यांदा चित्र कडेला बसलं. धाकटा त्याच्या खाली.

मग कानस. चित्राच्या अगदी रेषेत, कव्हरच्या कडेवर एक खाच. पहिली केसभर वर पडली. तेवढ्यावर भागलं असतं. मिस्त्रींनी कव्हर बाजूला टाकलं आणि दुसरं घेतलं. चार वेळा घासायचं, आक्काच्या हातात द्यायचं, पुन्हा घ्यायचं. बोटाला कळली पाहिजे, टोचता कामा नये. प्लास्टिकचा पांढरा भुगा उन्हात तरंगत होता, गिलाव्याच्या खोलीत तरंगतो तसा. लेकीसाठी एक खाच, धाकट्यासाठी दोन. खाच लागली की अंगठा आत वळवायचा. जिन्याकडे वळते तसाच.

शेवटी त्यांनी रात्री आपोआप होणारं अपडेट बंद करायला लावलं. अपडेट करायचं नाही असं नाही, ते म्हणाले. दिवसाउजेडी करायचं, मी शेजारी असताना.

दिवस कलला, ऊन खिडकीच्या वर गेलं. आक्कानं खाच चाचपली, अंगठा वळवला. लेकीचा चेहरा उजळला. तिनं आईला पाहिलं, खोली पाहिली आणि शेजारी बसलेला मामाही पाहिला.

"मामानं लावून दिला ना?" ती म्हणाली. "आई, खरं सांग."

मामा फोनला हात लावत नाही, असं मिस्त्री म्हणाले, पण लेकीला ते पटण्यासारखं नव्हतं.

"मामा, तू खाली जा. आई, ठेव आणि परत लाव. एकटीनं."

मिस्त्री उठले. आक्काकडे न बघता जिना उतरले आणि गल्लीत भिंतीला टेकून उभे राहिले. दुकानात ते दूरच्या माणसालाही वाट सांगत. इथे वर बहीण बसली होती आणि सांगायचं काही उरलं नव्हतं. खाच खोल झाली का, उथळ राहिली का, एवढंच मनात घोळत होतं. त्यांनी डोळे मिटले. त्या घरात आता कोणीतरी दुसरंच चालत होतं, भिंतीला बोटं लावून, घाई न करता. पाठीमागची भिंत अजून कोमट होती.

वरून काही ऐकू येईना. एक सायकल गेली. कोणीतरी बादली ठेवली.

मग खिडकीतून लेकीचं हसणं आलं आणि त्यावर आक्काचा आवाज, नेहमीसारखा करवादलेला.

"उशीर कसला? डागडुजी चालली होती घराची. बघ, नीट बघ खोली, आणि मामाला हाक मारते, चहा टाकलाय म्हणून."

मिस्त्री जिन्याकडे निघाले तोच त्यांच्या खिशातलं डबडं वाजायला लागलं.