तिला तो ताई म्हणला

ग्रुपमधल्या पोरींनो, आपल्या जपानी चित्रकथेतला, मंगातला तो लाडका हिरो, पाच जणींना एकच गोड वाक्य ऐकवणारा, आज मला बघवंना. कावून, ते सांगते.

परळीत आमचं बांगड्यांचं दुकान हाय. माझा थोरला भाऊ लई गोडबोल्या. तरणी पोरगी आली की त्याचं ठरलेलं, "हा रंग तुमच्याच हातासाठी आलाय बघा." पोरी लाजतात, जास्तीच्या बांगड्या घेतात, आन् आमचे वडील कौतुकानं हसतात.

त्यातल्याच एकीला त्यानं लग्नाचा शब्द दिलता. घरी कळू नये म्हणून माझ्या फोनवरून तिच्याशी बोलायचा. मग एक दिवस बोलणंच बंद केलं.

आज ती आईसोबत आली. लग्नाचा हिरवा चुडा भरायला. नवरा दुसरा.

भाऊ हसतच उठला. "या ताई, बसा. माप काय?"

ताई! आन् तिचं माप तर त्याला तोंडपाठ हाय.

तिनं हात माझ्यापुढं केला. मी भरत होते, पण तिचा हात ढिला पडंना. एक बांगडी फुटली. तिची आई तिच्यावरच खेकसली, "चुड्याची बांगडी फोडलीस व्हय गं!"

"असू द्या मावशी," भाऊ म्हणला, "दुसरी देतो की."

दुकानातल्या बाया हसल्या.

मंगात अशा वेळी ओशाळलेल्या हिरोच्या कपाळावर घामाचा मोठा थेंब काढतात आन् आपण खुदकन हसतो. मी भावाच्या कपाळाकडं बघितलं. कोरडं ठणठणीत. तुमच्यापैकी कुणी खऱ्या माणसाच्या कपाळावर बघितलाय का गं तो थेंब?