बंद फ्रीजचा वास

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गावाला निघतो आहोत. घरात कुणी नसताना वीज कशाला जाळायची, म्हणून मी आज फ्रीज रिकामा करून बंद केला. पुसायला दार उघडलं, आणि त्या दमट, आंबूस वासाने मला नुंगंबाक्कमच्या जुन्या घरात नेऊन उभं केलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आई गेली. तिने शेवटचं केलेलं पुरण फ्रीजरमध्ये डब्यात होतं. ते खायचा धीर मला आणि अप्पांना होत नव्हता, टाकणं तर शक्यच नव्हतं. दरवर्षी सुट्टीत तंजावरला आत्याकडे निघताना आई जिन्यातून ओरडायची, "अहो, मेन बंद केलंत का?" त्या वर्षी विचारणारं कुणी नव्हतं. तरी अप्पा अर्ध्या जिन्यातून परत वर गेले आणि मेन बंद करून आले. "उगाच वीज जळलेली तिला खपायची नाही," एवढंच म्हणाले.

परतलो तेव्हा वास दारापर्यंत आला होता. पुरणावर हिरवी बुरशी चढली होती. अप्पा तो डबा बराच वेळ धूत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ती फ्रीजचं काय करायची गं?"

 निघायच्या आदल्या दिवशी ती एकटीच तो रिकामा करत असणार. आम्हाला फक्त तिचं जिन्यातलं ओरडणं ऐकू यायचं.