हात न लावलेला फोटो

फोटोमास्तरांच्या दुकानात शिरलं की समोरच त्यांच्या अक्षरातली पाटी दिसायची: 'व्हिसाच्या फोटोला हात लावला जाणार नाही. आग्रह करू नये.' पाटीखाली आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, आणि शेजारी खुंटीवर एक काळा कोट. त्या एका कोटात निम्म्या शहराचे फोटो निघाले होते. जाड्या गिऱ्हाइकाला तो मागून उघडा ठेवून घालावा लागे, बारक्याला पाठीवर चिमटे लावून. चेहरा मात्र ज्याचा त्याचा.

या बाबतीत मास्तर नाकावर माशी बसू देत नसत. "मास्तर, हा तीळ तेवढा काढा की," असं कुणी म्हणालं की ते चष्म्यावरून बघत. "तीळ तुमच्याबरोबर विमानात बसणार आहे ना? मग फोटोतही बसू दे." लग्नाच्या फोटोत सुरकुत्या घालवायला, गाल भरायला त्यांची ना नव्हती. पण व्हिसा म्हणजे व्हिसा. मागे पांढरं, सावली नको, हसू नको, दोन्ही कान दिसले पाहिजेत. "हनुवटी खाली. अजून. आता श्वास सोडा." खट्. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून गेलेला एकही फोटो परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ज्याला ऐकवलेली नाही असा माणूस त्या रस्त्यावर शोधूनही सापडला नसता.

मग एक परत आला. तो त्यांच्या स्वतःच्या मुलीचा होता.

मुलीला घरात चिमणी म्हणत. पंचवीस वर्षांची घोडी झाली तरी चिमणीच. लहानपणी बापाच्या जुन्या कॅमेऱ्यांची भिंगं खोलून बसायची आणि मग ती परत बसवता येईनात म्हणून बोलणी खायची. पुढे त्याच विषयात शिकत गेली, आणि आता परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला भिंगांवर संशोधन करायला बोलावलं होतं, शिष्यवृत्तीसकट. राहिला होता फक्त व्हिसा. अर्ज तिने भरला. फोटो अर्थातच मास्तरांनी काढला, आणि त्यासाठी पांढऱ्या पडद्याला दोनदा इस्त्री केली. स्वतः कॉम्प्युटरवर बसून मापात कापला आणि म्हणाले, "आता डोळे मिटून पाठव."

बाराव्या दिवशी सकाळी चिमणीने दुकानात येऊन फोन त्यांच्यासमोर धरला. व्हिसा कार्यालयाचं पत्र होतं. फोटो पासपोर्टशी जुळत नाही, त्यात फेरफार झालेला दिसतो. पाच दिवसांत नवा फोटो आणि लेखी खुलासा घेऊन समक्ष यावं, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. तसं झालं तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला मिळणार होती.

"फेरफार? माझ्या दुकानात?" मास्तर उसळले. "त्यांचंच मशीन बिघडलं असेल! तीस वर्षांत एकही..."

"बाबा, भुवई बघा."

पासपोर्टवरचा फोटो सरकारी कचेरीतल्या कॅमेऱ्याने काढलेला होता. त्यात चिमणीची डावी भुवई मधोमध तुटलेली होती आणि तिथून एक पांढरट व्रण कपाळावर चढला होता. मास्तरांच्या फोटोत भुवई सलग, कपाळ कोरं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण तो व्रण कधी पुसला, हेच त्यांना आठवेना. कान मोजले, हनुवटी मोजली, आणि मधेच हात आपला आपण चालून गेला होता.

एकवीस वर्षांची सवय होती ती. चिमणी चार वर्षांची असताना दुकानात खेळत होती. मास्तरांनी दिव्याचा स्टँड घाईघाईत उभा केला होता, खालचा स्क्रू न आवळता. स्टँड पोरीच्या तोंडावर पडला. चार टाके. त्यानंतरच्या पहिल्या फोटोवर मास्तरांनी बारीक ब्रशने भुवई भरली. मग ते दर फोटोत भरत गेले. ब्रश जाऊन माउस आला, तरी भरत गेले. घरातल्या एकाही फोटोत तो व्रण नव्हता, आणि याबद्दल त्या घरात कधी कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

दुकानामागच्या खोलीतून चिमणीची आई बाहेर आली. पत्र वाचलं, पाटी वाचली, नवऱ्याकडे बघितलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ती म्हणाली आणि फोटोच्या स्टुलावर बसली.

"मला नेहमी वाटायचं," चिमणी हळूच म्हणाली, "तुम्हाला मी अशी आवडत नाही."

हे ऐकल्यावर मात्र मास्तरांचा सगळा ताठा उतरला. "तुझ्यात काय खोट होती गं?" ते म्हणाले. "तो स्क्रू मी आवळला नव्हता. तुझा फोटो बघितला की मला तो स्क्रू दिसायचा. म्हणून पुसायचो."

"एवढंच होतं?" चिमणी रडतही होती आणि चिडलीही होती. "मग सांगायचं ना बाबा! आरशात मी एक आणि अल्बममध्ये भलतीच. आई, ऊठ तिथून. काढा फोटो. आणि काढून झाला की माउस माझ्याकडे."

मास्तर कॅमेऱ्यामागे उभे राहिले. आधी त्यांनी दोन्ही दिव्यांचे स्क्रू आवळून बघितले. मग हनुवटी, मग कान. पण बटण दाबवेना.

"बाबा," चिमणी न हसता म्हणाली, "श्वास सोडा."

खट्.

खुलासा लिहायला मात्र दोन दिवस गेले. पहिल्यात दोष मशीनचा होता, दुसऱ्यात 'तांत्रिक कारण' होतं. चिमणीच्या आईने दोन्ही फाडले. तिसरा चार ओळींचा: 'मी अर्जदाराचा बाप आणि फोटोग्राफर. हा व्रण माझ्या निष्काळजीपणामुळे झाला आणि मी तो एकवीस वर्षं फोटोतून पुसत आलो. मुलीला या वेळी काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे, शिक्षा तिला करू नये.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

शेवटच्या दिवशी चिमणी व्हिसा कार्यालयात गेली. मास्तरांना दारातच अडवलं. पाऊण तास ते समोरच्या फुटपाथवर उभे होते. ती बाहेर आली तेव्हा ते धावतच रस्ता ओलांडून गेले.

"तिथल्या अधिकारी मॅडमनी तुमचं पत्र दोनदा वाचलं," ती म्हणाली. "मग फोटो माझ्या तोंडाशेजारी धरून बघितला. म्हणाल्या, वडिलांना सांगा, हा फोटो बरोबर आलाय."

नऊ दिवसांनी पाकीट आलं. मास्तरांनी ते फोटो कापायच्या कटरने, मापात, सरळ रेषेत उघडलं. पासपोर्टात व्हिसा होता, आणि व्हिसावर नखाएवढी चिमणी, तुटक्या भुवईसकट. मास्तर तसेच अनवाणी रस्त्यावर आले. "मिळाला! माझ्या पोरीला व्हिसा मिळाला!" समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही त्याच्यामागे आलं. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी तीळ काढायला सांगून बोलणी खाऊन गेलेला होता.

"काय मास्तर, एकही फोटो परत आला नाही ना?" त्याने डिवचलं.

"एक आला," मास्तर छाती काढून म्हणाले. "आमच्याच चिमणीचा. चूक माझी होती." आणि हे सांगताना इतका खूश झालेला माणूस त्या रस्त्याने आधी पाहिला नव्हता.

आता दुकानाच्या काचेत चिमणीचा तोच फोटो आहे, हातभर मोठा केलेला. एखादं नवं गिऱ्हाईक कोट चढवता चढवता हटकून विचारतं, "मास्तर, भुवईवरचं तेवढं पुसायचं राहिलं का?"

मास्तर स्टँडचा स्क्रू आवळतात.

"राहिलं नाही," ते म्हणतात. "तो व्रण तिच्याबरोबर विमानात बसून गेलाय. हं, हनुवटी खाली."